पुढच्या डिकीतलं पोतं

प्रवास छान झाला, असं मी आतापर्यंत पंधरा-वीस जणांना सांगितलं आहे. फोटोही दाखवले आहेत. राजूर घाटातल्या कठड्यापाशी लाल गाडी उभी आहे आणि तिला टेकून, काळा चष्मा लावून मी उभी आहे. लोक फोटो बघतात, "मानलं डॉक्टर तुम्हाला" म्हणतात आणि मी हसते. त्या फोटोनंतर तासाभरात काय झालं, ते मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. बुलडाणा जिल्ह्यात स्पोर्ट्स गाडी घ्यायला सहसा कुणी जात नाही. ज्याला कधी जायचं असेल त्याच्या उपयोगाची थोडी माहिती या लेखात मिळेल, बाकी सगळी माझी लाज आहे.

मी पुण्यात दातांची डॉक्टर आहे. मूळची मोताळा तालुक्यातली, पण हे पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण मी ठाऊक होऊ दिलं नाही. शिकायला आले तेव्हा वर्गात एकदा चुकून "मले" म्हणाले आणि पुढचे चार महिने मुलींनी मला "मले" याच नावाने हाक मारली. त्यानंतर मी जीभ अशी घासूनपुसून घेतली की आता सदाशिव पेठेतले पेशंटसुद्धा "तुमचं मराठी किती शुद्ध" म्हणतात. आईवडील गेले, गावचं घर विकलं, आणि तिकडे जाणंही थांबलं.

गाडीचं वेड मात्र जुनं. कॉलेजच्या रस्त्यावर एका गॅरेजात कॅलेंडर टांगलेलं असायचं, त्यावर ती होती. जर्मन, बुटकी, गोल डोळ्यांची. तिचं इंजिन मागे असतं आणि डिकी पुढे, म्हणजे आपल्या रिक्षाचीच ही श्रीमंत मावसबहीण म्हणा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा आमचा एक ग्रुप आहे. मी त्यातली एकटी बाई, त्यामुळे सगळ्यांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं असं दाखवायची मला खोड लागली आहे. त्याच ग्रुपवर कुणीतरी टाकलं की मोताळ्याजवळच्या एका खेड्यात गवई नावाचे निवृत्त सर आहेत, त्यांच्याकडे ही गाडी आहे आणि ते ती विकणार आहेत.

फोन केला. मी माझ्या घासलेल्या मराठीत चौकशी केली. पलीकडून शांत आवाज आला, "मुंबईच्या एका व्यापाऱ्याले जवळजवळ हो म्हणलं हाये, मॅडम."

आणि मग मी ते केलं. वीस वर्षं पेटीत ठेवलेली भाषा बाहेर काढली. "सर, मी बी मोताळ्याकडचीच हाये नं. व्यापाऱ्याले कायले देता? तो उद्या दुसऱ्याले इकन. आपल्या माणसाले द्या."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "असं हाये का? मंग या नं ताई. पाहा, चालवा, मंग ठरवू." नंतर किंमतही त्यांनी आपणहून खाली आणली. फोन ठेवल्यावर मी स्वतःवर भलतीच खूश होते.

गुरुवार, मोताळ्याजवळ

गवई सरांचं घर गावाच्या कडेला. दारात निळा झेंडा, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिकवायचे. सत्तरीचे, सडपातळ, खिशाला अजून पेन. बघताना मान पूर्ण वळवतात, कारण काचबिंदूने त्यांची बाजूची नजर गेली आहे. लायसन्स त्यांनी स्वतःच घरी ठेवून दिलं, कुणी काढून घेतलं नाही. "जयभीम, या ताई," ते म्हणाले. मी "नमस्कार" म्हणाले, आणि मग उगाच ओशाळून "जयभीम" पुटपुटले.

गाडी गोठ्यात होती. एका बाजूला शेळी, दुसऱ्या बाजूला ती. वर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घातलेली, चारी कडांना लाल दोऱ्याचे जाड टाके. सरांनी गोधडी काढली आणि कॅलेंडरवरची ती समोर उभी होती. कुणा शेठची अपघातात चेपलेली गाडी सरांनी मुंबईच्या भंगारातून उचलली होती. कागदपत्रं चोख करून घेतली आणि अकरा वर्षं रोज संध्याकाळी तिच्यावर काम केलं. जे सुटे भाग मिळाले नाहीत ते लेथवर स्वतः बनवले. "हे स्टिअरिंगचे बुश माह्या हातचे हायेत," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी जरा मान वर करून म्हटलं.

जेवायला कळण्याची भाकर होती, ज्वारी-उडदाची, खरपूस, वर ठेचा आणि कच्चं तेल. सोबत पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. पुण्यात मी लोकांना ही भाकर "मिलेट" म्हणून खायला सांगते. लहानपणी आमच्या घरातून आमच्या गावच्या अशा वस्तीत कुणी कधी जेवायला गेलेलं मला आठवत नव्हतं. ते ताटावर बसल्यावर लक्षात आलं आणि "आपल्या माणसाले द्या" हे फोनवरचं माझंच वाक्य आठवून घास जरा अडकला. काकूंना वाटलं ठेचा लागला, त्यांनी दही वाढलं.

जेवणानंतर काकूंनी हळूच दाढ दाखवली. मी मोबाइलच्या उजेडात पाहिली. तेवढ्यात ही बातमी गल्लीत गेली आणि संध्याकाळपर्यंत अंगणात नऊ जबडे उघडून झाले. एक आजी दात एकही नसताना रांगेत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाह्य तं खरं बाई, हिरड्या कशा हायेत." मला फार दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं, हेही खरंच आहे.

त्याच गप्पांत काकूंनी सांगितलं की त्यांची भाची हडपसरला राहते आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाहीबरोबर त्या तिच्यासाठी डाळ, ज्वारी, कुरड्या धाडतात. आपल्याकडे हे सगळीकडेच चालतं. कुणी पुण्याला निघाला की त्याची गाडी म्हणजे गावाची बैलगाडी होते. मी मनात म्हटलं, बघ हं, आता हे आपल्याही गळ्यात येणार. दिवे लागल्यावर काकू सरांना पेपर वाचून दाखवायला बसल्या. नजर गेल्यापासून हे रोजचंच. पहिल्या पानापासून ते जाहिरातींपर्यंत त्या काही सोडत नाहीत.

शुक्रवार, धडा

सरांनी गाडी लगेच दिली नाही. "आधी ऐका, मंग सांगा, मंग करा," ही त्यांची शिकवण्याची रीत. गावाबाहेरच्या रस्त्यावर मला बाजूला उभं करून त्यांनी धडाच घेतला. मी मोबाइल उभा करून चित्रण लावलं, ग्रुपवर टाकायला.

"वळणाच्या आधी वेग कमी करायचा. वळणात शिरल्यावर अॅक्सिलेटरवरचा पाय काढायचा नाई. हिचं वजन मांगं हाये, पाय काढला का मांगचं पुढं येते. सांगा."

मी पोपटासारखं सांगितलं. हे सगळं मी पन्नास वेळा वाचलं होतं, इंग्रजीत. मग ते गाडीच्या नाकाशी गेले, पुढची डिकी थोपटत काही सांगू लागले. ऊन मोबाइलच्या भिंगावर येत होतं, मी तो सरकवण्यात गुंतले होते. "हो हो सर, माहीत आहे मला," मी म्हणाले. ते थांबले. बहुधा "सांगा" म्हणणार होते, पण तेवढ्यात ग्रुपवरून फोन आला. शनिवारी संध्याकाळी पाच जण छत्रपती संभाजीनगरला माझ्या स्वागताला येणार होते. मी बोलत राहिले आणि सर उन्हात उभे राहिले.

मग गाडी चालवली. तिच्याबद्दल मी काय सांगू? पाठीमागून तो खर्जातला घरघराट येतो आणि रस्ता तळव्यांना कळतो. सर शेजारी डोळे मिटून बसले होते आणि नुसत्या आवाजावरून "आता तिसरा गिअर टाका" म्हणत होते. ते बरोबर असायचे.

शनिवार, घाट आणि धाडचा रस्ता

सकाळी व्यवहार झाला. किल्लीला चामड्याची जुनी पट्टी होती. काकूंनी ती सोडवून स्वतःकडे घेतली आणि किल्ली लाल दोऱ्यात ओवून माझ्या हातात दिली. "जनावर इकलं तरी दावं नाई देत आपल्यात," त्या म्हणाल्या. मला ठाऊक होतं. माझे वडीलही बैल विकला की दावं काढून घ्यायचे, नाहीतर गोठ्याची बरकत जाते म्हणत. काकूंनी गाडीला कुंकू नाही, पण पाणी ओवाळलं.

मग सर आणि एक शेजारी यांनी पुढच्या डिकीत पोतं आणून ठेवलं. चाळीस किलो तरी असेल, तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं. काकू म्हणाल्या, "पुण्यापर्यंत काढू नका बरं बाई. घरी गेल्यावर मंग खुशाल काढा." मी गोड हसले. आलंच हडपसरच्या भाचीचं पोतं, असं मनात म्हटलं, आणि कशाचं आहे एवढंही विचारलं नाही.

राजूर घाट म्हणजे या गाडीसाठीच बांधल्यासारखा. वळणामागून वळण येत होतं आणि ती रुळावरून चालल्यासारखी वर चढत होती. खाली मोताळ्याकडचं काळं रान, कपाशीचे पांढरे ठिपके. सरांच्या हाताची मला कमाल वाटली, पण खरं सांगायचं तर माझ्या हाताची जास्त वाटली. कठड्यापाशी थांबून तो फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. लगेच उत्तरं आली. एकाने लिहिलं, "पुढची डिकी उघडून दाखवायची हं, मूळ रंग बघायचाय."

झालं. पाच जण गोल उभे राहिलेत, मी झोकात डिकी उघडते आहे आणि आत ज्वारीचं पोतं, हे चित्र मला दिसलं. पुढचे मैल मी त्याच विचारात काढले. बुलडाणा ओलांडून धाड गावच्या रस्त्याला लागल्यावर एक चहाचं हॉटेल लागलं, पत्र्याचं. मालक शेषराव नावाचे, पन्नाशीचे. चहा झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "भाऊ, एक पोतं उतरवून घेता का? आमचा माणूस येईन न्यायले."

असा कुठलाच माणूस नव्हता. पुण्यातल्या दुकानातून चाळीस किलो ज्वारी घ्यायची आणि भाचीला देऊन टाकायची, असा माझा बेत होता. काकूंना कुठे कळणार?

"तुमचा नंबर द्या बाई," शेषराव म्हणाले. "कोनी आलं नाई तं फोन करीन."

"येईनच तो," मी म्हणाले आणि निघाले. खोटं बोलताना माझी वऱ्हाडी अगदी अस्सल निघत होती, हे मला तेव्हाही जाणवलं.

गाडी आता वेगळी लागत होती. पुढून हलकी, जरा भिरभिरणारी. मला वाटलं, वजन गेल्याने चपळ झाली. दहा-बारा मिनिटांनी उजवं वळण आलं, कडेला बाभळी. वेग जास्त होता. वळणात नाक बाहेर जायला लागलं, मी घाबरले आणि पाय काढला.

मागचं पुढे आलं. सरांनी सांगितलं होतं अगदी तसंच. बाभळी एकदा समोरून गेल्या, एकदा काचेतून मागे दिसल्या, आणि गाडी उलट्या तोंडाने तुरीच्या शेतात शिरून थांबली. इंजिन बंद पडलं. तुरीच्या शेंगा काचेवर टेकल्या होत्या. मला काही लागलं नव्हतं.

शेतातली बाई विळा टाकून धावत आली. "लागलं का वं माय?" मी म्हटलं, तुमची तूर मोडली. "तूर होत राह्यते," ती म्हणाली आणि तिच्या कळशीतलं पाणी मला पाजून पुन्हा कामाला लागली.

सरांना फोन लावला. तो लावताना खरं सांगायचं असं ठरवलं होतं की नाही, हे आज मला आठवत नाही. तोंडून निघालं ते असं, "सर, स्टिअरिंग एकदम ओढलं हो."

ते स्टिअरिंगबद्दल बोललेच नाहीत. "तुम्हाले लागलं का?" हे तीनदा विचारलं. मग म्हणाले, "सावलीत बसा. मी येतो."

ते अडीच तासांनी आले. एसटीने घाट चढून बुलडाण्याला, तिथून काळीपिवळी जीपने. जीपवाल्याने त्यांचा हात धरून बांधापर्यंत आणलं. दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी होती आणि खांद्याला डबा. "ही तुमची भाकर. काकूनं देल्ली. उपाशी असान," ते म्हणाले. मग विचारलं, "कोन्या बाजूले ओढलं?"

"डावीकडे," मी म्हणाले. ते पिशवी उघडून गाडीखाली शिरले.

मी बांधावर बसून ती भाकर खाल्ली. हे लिहिताना मला वाटतं की निदान ती तरी खायला नको होती. भूक लागली होती, म्हणून खाल्ली. समोर नीट न दिसणारा एक म्हातारा माणूस काळ्या मातीत पडून बोटांनी असा दोष शोधत होता, जो तिथे नव्हताच. एकेक बुश चाचपायचे, थांबायचे, पुन्हा चाचपायचे. तास गेला. बाहेर आले तेव्हा कपाळावर माती होती.

"सापडत नाई," ते म्हणाले. मान पूर्ण वळवून त्यांनी मला शोधलं. "पण ओढलं म्हनता तं काही तरी असनच. ते डावीकडचं बुश मी नजर गेल्यावर बदललं होतं. दिसत नाई तं मी ते काम करायलेच नाई पाह्यजे होतं, ताई. मी आज तुमचा जीव घेतला असता."

"नाही सर, तसं काही नाही," मी म्हणाले. एवढंच.

"मले माफ करा. पैसे जसेच्या तसे घेऊन जा. गाडी मी आता कोनालेच देणार नाई, व्यापाऱ्याले बी नाई. गोठ्यातच उभी राहीन."

खरं बोलायला मला एका वाक्याचा अवधी लागला असता. मी ते वाक्य जिभेवर फिरवत बसले. अकरा वर्षांचं त्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत मातीत चाललं होतं आणि मी डब्याचं झाकण लावत होते.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. शेषराव होते, मागच्या सीटवर आडवं पोतं बांधलेलं. लाल गाडी तुरीत गेल्याची खबर जीपवाल्याने त्यांच्या हॉटेलात पोचवली होती. "बाई, बऱ्या हा नं? तुमचा माणूस तं काही आला नाई. म्हटलं तुम्ही इथंच हा, तं पोतं आणून द्यावं."

सर उठले. पोत्यापाशी गेले, तोंडावरून बोटं फिरवली. काकूंचे टाके बोटांना लगेच कळले असणार. "हे कुठी उतरवलं होतं?"

"माह्या हॉटेलवर नं. सकाळी," शेषराव म्हणाले. "काऊन?"

मी जमिनीकडे बघत होते. आता रागावतील, आता काहीतरी बोलतील, याची वाट बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं. पण सर बांधावर बसले, मोठा श्वास सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सकाळपासूनची काळजी उतरत गेली.

"म्हंजे स्टिअरिंग बरोबर हाये," ते म्हणाले. "माहं काम बरोबर हाये."

त्यांना आनंद झाला होता. माझ्या आयुष्यात मला कुणाच्या आनंदाने इतकं खाली बघायला लावलेलं नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, आवाज न चढवता. "कापसाची गाडी पाह्यली असन तुम्ही लहानपनी. मांगून जास्त भरली का उलाळ होते, पुढची धुरी वर उचलते, बैलाच्या मानेले फास बसते. मंग धुरीवर माणूस बसवतात नाई तं पोतं टाकतात. हिचं तसंच हाये. इंजिन मांगं, नाक हलकं. मी आधी रेतीचं पोतं ठेवत होतो. काकू म्हने, रेती कायले धाडता पुण्याले? ज्वारी धाडा. रस्त्यात वजन व्हईन, घरी गेल्यावर पोरगी खाईन."

पोरगी म्हणजे मी. पोतं हडपसरच्या भाचीचं नव्हतंच.

आणि उलाळ म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी उलाळ झाली की वडील मलाच उचलून धुरीवर बसवायचे, "बस इथी, तूच माहं वजन" म्हणायचे. इंग्रजीत पन्नास वेळा वाचलेलं मला तोंडपाठ होतं आणि हे मात्र मी विसरले होते.

सरांचा फोन वाजला. काकू होत्या. सर फोन नेहमी मोठ्या आवाजावरच लावतात, त्यामुळे आम्हा तिघांनाही ऐकू आलं. "काय निंगालं? तुमचं काही चुकलं का?"

सरांनी मान वळवली, मी कुठे आहे ते बघितलं. मग म्हणाले, "नाई वं. गाडी एकदम बरोबर हाये. रस्त्यात कुत्रं आडवं आलं होतं."

"अगं बाई. मंग पोरीनं जीव वाचवला म्हना त्याचा," काकू म्हणाल्या.

"हाव," सर म्हणाले. "वाचवला."

शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. मी मोटारसायकलवरच्या पोत्याची दोरी सोडायला लागले.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, मागच्या पत्र्याला थोडा पोचा आला होता. पोतं पुढे ठेवलं. सर शेजारी बसले आणि त्यांनी मला तेच वळण दोनदा घ्यायला लावलं. "आता पाय काढू नका." काढला नाही. गाडी घाटातल्यासारखी वळली. मी त्यांना घरी सोडते म्हणाले, तर ते म्हणाले, तुमचे दोस्त वाट पाहून राह्यले. आणि परतीच्या जीपला हात करून उभे राहिले. जीप थांबली तेव्हा चढायची पायरी त्यांना पहिल्यांदा सापडली नाही.

परत

संभाजीनगरला पाचही जण थांबले होते. मी डिकी उघडली. "हे काय?" एकाने विचारलं. "ज्वारी. नाकावर वजन लागतं हिला," मी म्हणाले. "वा," ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला फारच बारकावे माहीत आहेत." तेही श्रेय मी घेतलं.

पुण्यात आल्यावर शुक्रवारचं चित्रण पाहिलं. त्यात ऊन आहे, माझी बोटं आहेत, आणि मागे सरांचा आवाज स्वच्छ आहे: "इथं पोतं टाकून देऊ आपण, ते काढायचं नाई, नाई तं उलाळ होईन." त्यावर माझा आवाज, "हो हो सर, माहीत आहे मला." हे चित्रण मी ग्रुपवर टाकलं नाही.

तुरीवाल्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. शेषरावांना दोन दिवसांनी फोन केला, पण आभार मानण्यापलीकडे काही बोलता आलं नाही. काकूंचा आठवड्यातून एकदा फोन येतो, दाढेबद्दल. सगळ्या गल्लीत त्यांनी सांगून ठेवलं आहे की आमच्या गाडीची नवी मालकीण स्वतः तुरीत गेली पण तिने मुकं जनावर वाचवलं. मागच्या वेळी नऊ जबड्यांतल्या त्या बिनदातांच्या आजींनी काकूंच्या फोनवरून मला आशीर्वाद दिला. सर फोनवर येतात तेव्हा एकच विचारतात, "पोतं हाये नं पुढं?" मी "हाव सर" म्हणते. ते खरं असतं.

हा लेख छापून आला की अंक मी मोताळ्याला पाठवणार आहे. दिवे लागल्यावर काकू तो सरांना वाचून दाखवतील, पहिल्या ओळीपासून, काही न सोडता. तर काकू, एवढं एक वाक्य जरा सावकाश वाचा, सरांच्या समोर बसून वाचा. त्या वळणावर कुत्रं नव्हतं.